मळ आणि वय

माळ्यावर किंवा जिन्याखालीं एखादी जुनी वस्तु सांपडली, म्हणजे माणसाच्या मनांत पहिली प्रेरणा उत्पन्न होते ती तिला घासूनपुसून लख्ख करण्याची. ही प्रेरणा चांगलीच आहे. ज्याला स्वच्छतेचा कंटाळा तो जुन्या वस्तूंचा खरा प्रेमी असूं शकेल असें मला वाटत नाहीं. परंतु जुनी सायकल समोर उभी करून, हातांत ओलें फडकें घेऊन, ज्यानें तिच्याकडे पांच मिनिटें नीट पाहिलें असेल, त्याला कळून येईल कीं, स्वच्छ करणें हें वाटतें तितकें निरुपद्रवी कृत्य नाहीं. फडकें जेथें टेकवावयाचें, तेथें आधीं एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो : हें जें समोर दिसत आहे तें वस्तूवर येऊन बसलें आहे, कीं तें आतां वस्तूचेंच होऊन गेलें आहे ? पहिल्याला मळ म्हणावें, दुसऱ्याला वय म्हणावें. मळ काढावा आणि वय राखावें, इतकें बोलणें सोपें आहे. या दोहोंमधली सीमारेषा कोठें आहे हें ठरविणें मात्र नीतिशास्त्रांतल्या कित्येक प्रश्नांइतकेंच अवघड आहे.

सायकल हें उदाहरण मीं मुद्दाम घेतलें आहे. देऊळ, मूर्ति, पोथी यांच्या जतनाविषयीं विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें आहे. पण तेथें पावित्र्याची भावना मध्यें येते आणि विचार अर्ध्यावरच हात जोडून उभा राहतो. सायकलीच्या बाबतींत ती भीति नाहीं. ती एक हत्यार आहे, राबण्यासाठीं जन्माला आलेली आहे, आणि तिनें आपलें कांहींही झांकून ठेवलेलें नाहीं. घड्याळाचें किंवा मोटारीचें अंतरंग पाहावयाचें तर झांकण उघडावें लागतें. सायकलीचा प्रत्येक सांधा, प्रत्येक आरा, झिजलेला प्रत्येक दांता डोळ्यांसमोर असतो. अशा उघड्या वस्तूवर जो निर्णय घेतां येत नाहीं, तो झांकलेल्या वस्तूवर घेतां येईल ही आशा व्यर्थ आहे.

प्रथम मळाविषयीं बोलूं, कारण तेथें अनुभव कांहीं निश्चित सांगूं शकतो. आरंभीं पाण्याचा हात लावूंच नये. मऊ ब्रशानें, आणि दाढीचा टाकून दिलेला ब्रश या कामीं फार चांगला, आरे, हबच्या कडा आणि मडगार्डची आंतली बाजू कोरडीच झाडून घ्यावी. कोरडी धूळ म्हणजे बारीक वाळू. ओल्या फडक्यानें ती दाबून पुसली कीं काळ्या रंगावर ओरखड्यांचें जाळें उठतें. मग कोमट पाण्यांत सौम्य साबणाचे दोन थेंब, घट्ट पिळलेलें फडकें, आणि त्याच्या मागोमाग कोरडें फडकें. पाण्याची नळी सायकलीवर सोडणें हा मी अपराध समजतों. तें पाणी हबांत आणि मधल्या आंसाच्या छऱ्यांत शिरतें, तेथलें वंगण धुऊन नेतें, आणि गंजाला आंत बसवून आपण निघून जातें. चेन मात्र उतरवून रॉकेलमध्यें खुशाल बुडवावी ; तिला लाज नाहीं. आमच्याकडील मिस्त्रींनीं ‘ओव्हरहॉलिंग’ या शब्दाचें ‘ओव्हरऑइलिंग’ करून टाकलें आहे, आणि मला हें रूप मूळ शब्दापेक्षां अधिक सार्थ वाटतें, कारण निम्म्याहून अधिक दुखणीं थेंबभर तेलानें बरीं होतात.

सर्वांत नाजूक भाग म्हणजे फ्रेमवरील सोनेरी अक्षरें आणि चिन्हें. तीं बहुधा रंगानें लिहिलेलीं नसतात. छापलेला अतिशय पातळ पापुद्रा चिकटवून त्यावर वार्निश दिलेलें असतें. वार्निश झिजलेलें असेल तर साधा साबणसुद्धां त्यांना भारी पडतो, आणि थिनरचा एक हात फिरला कीं ऐंशी वर्षें टिकलेलें नांव फडक्यावर उतरतें. म्हणून कोणताही द्राव आधीं खालच्या अंगाला, जेथें दृष्टि जात नाहीं अशा जागीं, लावून पाहावा. चामड्याच्या सीटला तेल पाजण्याचा मोह अनेकांना होतो ; त्यानें चामडें क्षणभर तजेलदार दिसतें आणि पुढें सैल पडून झोळीसारखें लोंबूं लागतें. थोडें मेण पुरे. रंगालाही शेवटीं मेणाचा एक पातळ हात द्यावा. मेणाचा मोठा गुण हा कीं, तें नको वाटल्यास काढतां येतें. जें पुन्हां काढून टाकतां येईल तेंच लावावें, असा दंडक वस्तुसंग्रहालयांतील जाणते लोक पाळतात, आणि घरगुती उद्योगालाही तो तितकाच लागू आहे.

येथवर सर्व सरळ आहे. घोटाळा होतो तो गंजापाशीं. गंज हा धुळीसारखा बाहेरून येऊन बसलेला नसतो. हवा आणि ओल यांच्या संगतीनें लोखंडच गंज झालेलें असतें. म्हणजे तो मळही आहे आणि तें वस्तूचें अंगही आहे. शिवाय तो स्वस्थ बसत नाहीं. लोखंडाचा गंज झाला कीं त्याला पहिल्यापेक्षां अधिक जागा लागते, म्हणून तो रंगाच्या खालीं फुगतो, रंग उचलतो, आणि उघड्या पडलेल्या लोखंडावर पुन्हां तोच व्यापार सुरू करतो. अशा वेळीं ‘मीं वय राखलें’ असें म्हणत हात बांधून बसणें म्हणजे म्हाताऱ्याच्या खोकल्याला वार्धक्याचें भूषण म्हणण्यासारखें आहे. म्हणून मला मळ आणि वय या दोन शब्दांत आणखी दोन शब्द घालावे लागतात : रोग आणि व्रण. जो नारिंगी, भुसभुशीत गंज बोटाला लागतो तो रोग आहे. तो काढलाच पाहिजे. क्रोमियमच्या मुलाम्यावर तो असेल तर ॲल्युमिनियमचा पातळ कागद चुरगळून, पाण्यांत भिजवून, हलक्या हातानें फिरवावा. ॲल्युमिनियम क्रोमियमपेक्षां पुष्कळच मऊ असल्यामुळें मुलाम्याला इजा न होतां गंज तेवढा सुटतो. (सँडपेपर घेऊन येणाऱ्या उत्साही नातलगास चहा देऊन बाहेरच्या खोलींत बसवावें.) परंतु जो गंज गडद तपकिरी होऊन घट्ट बसला आहे आणि तेलाच्या हातानें जेथल्या तेथें थांबतो, तो व्रण आहे. वैद्यानें रोग बरा करावा. व्रण पुसून टाकणें हें त्याचें काम नाहीं.

मग पुढची पायरी येते. गंज काढून, सगळा रंग खरवडून, कारखान्यांतून आली त्या दिवशीं होती तशी सायकल करून टाकली तर काय बिघडलें ? तत्त्वज्ञानाच्या वर्गांत या ठिकाणीं एक जुनी करमणूक असते. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथांत नागसेन राजा मिलिंदाला त्याच्या रथाविषयीं विचारतो : आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय, जूं म्हणजे रथ काय ? ग्रीकांकडे थीसियसचें जहाज आहे, ज्याच्या फळ्या एकामागून एक बदलत गेल्या. आणि १६५५ सालीं हॉब्जनें त्यांत अशी भर घातली कीं, काढून टाकलेल्या जुन्या फळ्या जमवून कोणीं दुसरें जहाज बांधलें तर खरें कोणतें? विद्यार्थी या प्रश्नावर खूष असतात. मिस्त्रीला विचारलें तर तो फ्रेमवर ठोकलेल्या नंबराकडे बोट दाखवून वाद मिटवितो. मला स्वतःला हा वाद आमच्या विषयांत फारसा उपयोगी वाटत नाहीं. सायकल ‘तीच’ आहे किंवा नाहीं, यापेक्षां ती अजून खरें बोलते किंवा नाहीं, हें मला अधिक महत्त्वाचें वाटतें.

युरोपांत हा झगडा एकोणिसाव्या शतकांत इमारतींच्या निमित्तानें पेटला. जुन्या इमारतीचें पुनरुज्जीवन म्हणजे तिचा समूळ नाश, असें रस्किननें १८४९ मध्यें ठासून सांगितलें. १८७७ मध्यें विल्यम मॉरिसनें प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठीं एक संस्था काढली, तिला ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवडविरोधी, असें टोपणनांव पडलें. उलट बाजूला जपानांतील इसे येथील देवस्थान दर २० वर्षांनीं शेजारच्या जागेवर संपूर्ण नवें बांधतात. २०१३ सालीं तें असें पुन्हां बांधलें गेलें. पुरीच्या जगन्नाथाच्या काष्ठमूर्तीही ठराविक योग येतांच नव्या घडवितात, आणि २०१५ मध्यें तो नवकलेवराचा विधि झाला. ही मंडळी जुन्याचा अनादर करतात असें म्हणण्याची कोणाची छाती आहे ? पण तेथें काय जतन होतें हें नीट पाहिलें पाहिजे. तेथें लांकूड जातें आणि सुताराची विद्या राहते. प्रत्येक पिढीच्या हातांना ती पुन्हां शिकावी लागते, म्हणून ती जिवंत असते. सायकलीला स्प्रेचा रंग मारून, बाजारांत मिळणारीं छापील अक्षरें चिकटविणाऱ्याला हा दाखला घेतां येणार नाहीं. काळ्या नळीवर हातानें सोनेरी रेघ ओढणारा कारागीर शोधून काढून, त्याच्या हाताखालीं आपला मुलगा शिकावयास ठेवणाराला मात्र तो खुशाल घेऊं द्यावा.

माझ्या मतें या प्रश्नावर सर्वांत चांगला प्रकाश पडतो तो पुण्यांत झालेल्या एका अगदीं निराळ्या कामामुळें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम हातीं घेतलें आणि तें १९६६ मध्यें पुरें झालें. देशभरच्या पोथ्या ताडून पाहून, मागाहून शिरलेला भाग वेगळा करणें हें त्या संपादकांचें काम होतें. डॉ. सुकथनकर आणि त्यांच्या मागून आलेले पंडित हेही एका अर्थीं मळच काढीत होते. पण त्यांनीं काढलेला श्लोक केरांत टाकला नाहीं. तो पानाच्या तळाशीं किंवा परिशिष्टांत, कोणत्या पोथींत आढळतो त्या नोंदीसह, छापला. ज्याला ते प्रक्षिप्त म्हणाले तेंही शेंकडों वर्षें लोकांनीं भक्तीनें ऐकलेलें होतें, याचा त्यांना विसर पडला नाहीं. सायकलीला तळटीप नसते. तिच्यावरून जें खरवडलें तें कायमचें गेलें, आणि म्हणून तिच्या संपादकानें महाभारताच्या संपादकाहूनही हात आंखडता ठेवावा.

हें सगळें मी केवळ पुस्तकी हौसेनें लिहीत नाहीं. आमच्या कुटुंबांत एक रॅले सायकल आहे. नॉटिंगहॅमची, पुढच्या दांत्यांच्या चाकांत बगळ्याच्या तीन मुंड्या कोरलेल्या आहेत, त्यावरून कोणीही ओळखील. आजोबा सातारा जिल्ह्यांत लोकल बोर्डाच्या शाळेंत शिक्षक होते, आणि १९४३ सालीं त्यांनीं ती जुनीच विकत घेतली. ते दिवस युद्धाचे होते. मलाया जपानच्या हातीं गेल्यापासून रबर दुर्मिळ झालें होतें, आणि नवी विलायती सायकल प्राथमिक शिक्षकाच्या स्वप्नांतही येत नसे. त्या सायकलीवर ते तीस वर्षें गांवोगांव हिंडले. तिचें कॅरिअर मूळचें नाहीं. तें कोण्या गांवच्या लोहारानें लोखंडी पट्टी वांकवून केलेलें आहे, आणि वह्यांचे गठ्ठे घसरूं नयेत म्हणून त्याच्या कडा त्यानें वर वळविल्या आहेत. सीट मागें फाटली तेथें चांभारानें आंतून तुकडा घालून दुहेरी शिवण मारली आहे. खालच्या नळीला तडा गेला होता, तो पितळेची झाळ देऊन बुजविलेला आहे. वरच्या दांडीवरचा रंग मध्यें वीतभर अजिबात उडाला आहे, कारण तेथें आमचे वडील आणि काका आळीपाळीनें बसत. हँडलच्या उजव्या बाजूचा मुलामा पिशवीच्या बंदानें झिजला आहे. त्या काळीं अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत व तो भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत. तसा एक बिल्लाही तिला अजून लटकलेला आहे.

माझ्या थोरल्या चुलतभावानें पुण्यांत नवें घर बांधलें, तेव्हां ही सायकल दर्शनी खोलींत ठेवावी असें त्याच्या मनांत आलें. खर्च तो आनंदानें करणार होता. नवा काळा रंग, नव्या सोनेरी रेघा, नवा क्रोमियमचा मुलामा, आणि जुन्या नमुन्याबरहुकूम कॅरिअर. मीं हरकत घेतली, तेव्हां तो जें बोलला तें मला अजून टोंचतें. तो म्हणाला, “आजोबांचें दारिद्र्य भिंतीला टेकवून पाहुण्यांना दाखवावयाचें आहे काय ? त्यांच्याजवळ पैसे असते तर त्यांनींच तिला रंग दिला असता.”

दादाच्या या दोन्ही वाक्यांत तथ्य आहे, आणि त्यांना उडवून लावणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्यांचें पोट भरलेलें आहे त्यांनाच पूर्वजांच्या झिजेंत सौंदर्य दिसतें. रोज पहाटे दुधाच्या चरव्या अडकवून निघणारा माणूस दसऱ्याला आपल्या सायकलीला निळा रंग फांसतो आणि आरशाला गोंडे बांधतो. त्याला जुन्या रंगाची महती सांगावयास जाणें हा उद्धटपणा होईल. गंज दिवाणखान्यांत मिरविणें हाही एक मुलामाच आहे, फक्त तो अधिक सुशिक्षित माणसांचा आहे. हें सर्व मी मान्य करतों.

पण त्याच्या दुसऱ्या वाक्यांतच त्याचें उत्तर आहे. आजोबांनीं रंग दिला असता, तर तो रंग आज तिच्या आयुष्याचा भाग असता, आणि मीं त्याच्याही रक्षणासाठीं भांडलों असतों. वस्तु बदलण्याचा हक्क वापरणाराचा असतो. जो तिच्यावर बसून पाऊस खातो, त्यानें तिला हवा तो रंग द्यावा, हवी ती घंटा बसवावी. आम्ही तिच्यावर बसत नाहीं. आम्ही तिचे वारस आहों, आणि न वापरणाऱ्या वारसाला पुसण्यापलीकडे फारसा हक्क पोहोंचत नाहीं. शिवाय दादाला जी मूळची सायकल परत हवी होती, ती हरवलेलीच नाहीं. त्या कंपनीच्या जुन्या मूल्यपत्रिका आहेत, तसल्या सायकली नॉटिंगहॅमहून असंख्य बाहेर पडल्या, त्यांतल्या पुष्कळ जगभर संग्रहांत जपून ठेवलेल्या आहेत. कारखान्यानें ती कशी केली होती हें पुढील शंभर वर्षेंही कोणाला हुडकून काढतां येईल. त्या लोहाराचें मात्र दुसरें कांहीं कोठें उरलेलें नाहीं. त्याचें नांव आम्हांला ठाऊक नाहीं, त्याचें गांवही नक्की ठाऊक नाहीं. वह्या घसरतात हें शिक्षकानें सांगितलें, तें त्यानें ऐकलें, आणि पट्टीची कड वर वळविली, इतकेंच त्याचें चरित्र, आणि तें फक्त त्या कॅरिअरवर लिहिलेलें आहे. सायकल कारखान्यांतून निघाली तो एक दिवस खरा, आणि पुढचीं ऐंशी वर्षें प्रक्षिप्त, असें कोणत्या न्यायानें मानावयाचें ? दारिद्र्य लपविण्याचा हेतु क्षम्य असेल. पण त्या दारिद्र्याला ज्यांनीं हात दिला त्यांची सही त्या पायीं पुसली जाते.

दादानें हें ऐकून घेतलें. पटलें असें तो म्हणाला नाहीं. रंगवाल्याला मात्र त्यानें बोलावलें नाहीं. सायकल मींच आठ दिवस खपून साफ केली, वर सांगितलेल्या रीतीनें. एका बाबतींत मीं कसलीही भावना आड येऊं दिली नाहीं. दादाचा मुलगा तिच्यावर बसून कॉलेजास जावयाचें म्हणतो, म्हणून तडकलेले टायर, दगड झालेले ब्रेकचे रबर आणि झिजलेल्या कॉटर पिना काढून तेथें नव्या बसविल्या. जुन्या रबरापेक्षां पोराची मान मोलाची आहे. काढलेलें सर्व सामान बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यांत, काय कोठून केव्हां काढलें याची चिठ्ठी घालून ठेवलें आहे. सायकलीला तळटीप नसते असें वर म्हटलें. हा डबा तेवढें काम करील. पोरगा खरोखरच रोज तिच्यावर बसूं लागला तर माझ्याच सिद्धान्तानें तिला हवा तो रंग देण्याचा हक्क त्याला मिळेल, हें माझ्या ध्यानांत आहे, आणि त्याच्याही ध्यानांत आलें आहे असें दिसतें.

एक निर्णय मात्र अजून व्हावयाचा आहे. पुढच्या नळीवर बगळ्याचा जो बिल्ला आहे, त्याच्या खांचांत वर्षानुवर्षांचें कुंकू बसून घट्ट झालें आहे. आजी खंडेनवमीला तिची पूजा करीत असे. तें कुंकू मळ कीं वय, या प्रश्नापाशीं माझा ब्रश थांबला आणि मीं तें तसेंच राहूं दिलें. आतां काकू म्हणतात कीं, सायकल घरांत आली आहे तर यंदा तिची पूजा झालीच पाहिजे. त्या जुन्या कुंकवावर नवें कुंकू लावूं नये, शेजारीं कोठें तरी लावावें, असें मी सुचवून पाहिलें. “कुंकू का शेजारीं लावतात ?” असें त्यांनीं विचारलें, आणि माझ्या संग्रहीं असलेल्या कोणत्याही ग्रंथांत मला याचें उत्तर सांपडलें नाहीं.